बाळीचं नाव लांबलचक ठेवायचंय? आधी आत्याला म्हणायला लावा

भाचीच्या बारशाला नाव कानात सांगायचं काम अर्थातच माझं होतं. ऐन पावसाळा, कोथरूडमधल्या सोसायटीचा छोटा हॉल, खिडकीच्या गजांना ओल्या छत्र्या लटकलेल्या. कुंची घातलेला वरवंटा पाळण्याच्या खालून-वरून फिरवून झाला, ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ म्हणून झालं. मी पाळण्यात वाकले, ‘कुर्रर्र’ केलं आणि नाव घेतलं: अमृतवर्षिणी. घेतलं म्हणजे घ्यायला लागले. ‘अमृत’पर्यंत पोचते न पोचते तोच पाठीत रीतीप्रमाणे धपाटे बसले. दोन मावश्या, एक मामी आणि शेजारच्या काकू, ज्यांचा हात भलताच जड आहे. तोंडून बाहेर पडलं ते ‘अमृतवर्शणी’. दुसऱ्या कानात दुरुस्त करायला गेले तर नुसतं ‘वर्षिणी’ आलं. वहिनी माझ्याकडे बघत होती आणि दादा छताकडे.

त्या दिवसापासून नात्यात कुणाकडे पाळणा हलणार असला की नावांची यादी माझ्याकडे येते. लांब नावांना माझा विरोध नाही, उलट मला ती आवडतात. आमच्या समोरच्या इमारतीत ‘आर्या’ अशी हाक गेली की तीन खिडक्या उघडतात. पण लांब नाव नऊवारीसारखं असतं, नीट नेसता आलं नाही तर पायात येतं. पहिल्यांदाच या भानगडीत पडणाऱ्या आईबाबांसाठी, मी जे करायला सांगते ते क्रमाने लिहिते.

यादी सातव्या महिन्यातच करा

मुलगा की मुलगी हे आधी कळत नाही, कळून घेणं १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे, म्हणून ‘आधी होऊ दे, मग बघू’ असं बहुतेक घरांत चालतं. मग बाळ येतं आणि बाराव्या दिवसापर्यंत आई धड झोपलेली नसते. त्या अवस्थेत सहा अक्षरी नाव निवडू नये. दोन्ही याद्या आधीच करा, एक वाया जाईल, जाऊ दे. डोहाळजेवणाला सगळी मंडळी जमतात, तेव्हा सूचना गोळा करून टाका. सासूबाईंची एक, आईची एक, एवढ्या तरी कागदावर दिसू द्यात. नंतर खोडता येतात.

शोधायचं कुठे

नावांच्या पुस्तिका अप्पा बळवंत चौकात ढिगाने मिळतात आणि मोबाइलवर त्याहून जास्त. तिथून सुरुवात करायला हरकत नाही, पण त्यांत अर्थाच्या रकान्यात काहीही छापलेलं असतं. निम्म्या नावांचा अर्थ ‘देवी लक्ष्मी’ आणि उरलेल्यांचा ‘सुंदर’. लांब नावं खरी सापडतात ती दुसरीकडेच.

नद्या बघा. अलकनंदा, मंदाकिनी, भागीरथी, हिरण्यकेशी. ही शेवटची आंबोलीजवळ उगम पावते, अर्थ सोनेरी केसांची. घराजवळची इंद्रायणीही आहे, पण इंद्रायणी नाव ठेवलंत तर ‘तांदूळ की गाडी?’ हा विनोद मुलीला जन्मभर ऐकावा लागेल. मावळातला भात आणि पुणे-मुंबई प्रवास या दोन्ही गोष्टी पुण्यातल्या माणसाच्या रक्तात आहेत, त्याला इलाज नाही.

राग बघा. डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सवाला जाणारं एखादं माणूस तुमच्या घरात असेलच, त्याला कामाला लावा. मधुवंती, कलावती, चारुकेशी, हंसध्वनी, शिवरंजनी, जयजयवंती. आमची अमृतवर्षिणी इथलीच, कर्नाटक संगीतातला पाच सुरांचा राग, पावसाशी जोडलेला. भाची जन्मली तेव्हा खडकवासल्यातून पाणी सोडलं होतं आणि भिडे पूल पाण्याखाली होता, म्हणून दादाला हे सुचलं.

पुराणं आणि महाभारत हा तर मोठाच साठा. देवयानी, शर्मिष्ठा, चित्रांगदा ही सगळ्यांना माहीत असतात. त्यापुढे जा. लोपामुद्रा ही अगस्त्यांची पत्नी आणि ऋग्वेदातल्या सूक्ताची ऋषिका. याज्ञसेनी म्हणजे द्रौपदीच, यज्ञसेन ऊर्फ द्रुपदाची मुलगी. दाक्षायणी, हैमवती, कात्यायनी, शाकंभरी ही देवीची नावं. मात्र व्यक्तिरेखेची गोष्ट शेवटपर्यंत वाचा. नाव गोड आणि नशीब भयंकर असं पुष्कळ असतं. अर्थात सीतेचं नशीब काय फार चांगलं होतं, तरी घरोघरी सीता होत्याच. हा ज्याच्या त्याच्या मनाचा प्रश्न.

माझा लाडका साठा मात्र शिलालेख आणि ताम्रपटांचा, आणि तो पुस्तिकांमध्ये जवळजवळ नसतोच. जुन्नर तालुक्यात नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. नाशिकच्या लेण्यात गौतमी बलश्री. आणि प्रभावतीगुप्ता: दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, वाकाटकांची राणी, नवरा गेल्यावर मुलांच्या नावाने राज्यकारभार केला. तिचा एक ताम्रपट अभ्यासकांमध्ये ‘पुणे ताम्रपट’ म्हणूनच ओळखला जातो. ‘गुप्ता’ हा शेवट आज आडनावासारखा ऐकू येतो म्हणून नुसतं प्रभावती ठेवा. आजीच्या पिढीचं वाटेल, पण दहा वर्षांनी तेच नवं वाटेल. नावांचं साड्यांसारखंच असतं.

एक गंमत सांगते. मनुस्मृतीत नक्षत्र, झाड किंवा नदीचं नाव असलेली मुलगी लग्नासाठी करू नये असं सांगितलंय. आणि आपल्याकडे रोहिणी, मालती, गोदावरी, अनुराधा पिढ्यान्‌पिढ्या सुखाने नांदल्या. तेव्हा कुणी शास्त्राचा धाक घातला तर हे ऐकवा.

स्वतः नाव घडवणार असाल तर

बऱ्याच जणांना तयार नाव नको असतं. त्यासाठी शेवटचं पद आधी निवडावं, म्हणजे काम सोपं होतं. -अक्षी, -अंगी, -गंधा, -लता, -केशी, -प्रभा, -नंदिनी, -मालिनी, -वर्षिणी. मग पुढे काय जोडायचं ते बघा. मृग अधिक अक्षी मृगाक्षी, हेम अधिक अंगी हेमांगी, पद्म अधिक गंधा पद्मगंधा. इथपर्यंत सरळ आहे. पण ‘शरद’ला ‘चंद्रिका’ जोडायला गेलात की संधी होऊन शरच्चंद्रिका होतं. अर्थ सुरेख, शरदातलं चांदणं, पण ते ‘च्चं’ पहिलीतल्या मुलीच्या वहीवर कसं उमटेल याचा विचार करा. संस्कृतच्या शिक्षकांना एकदा विचारून घ्यावं. पुण्यात ते शोधायला लांब जावं लागत नाही, दर तिसऱ्या सोसायटीत एखादे निवृत्त असतातच, आणि विचारलं की खूश होतात. फक्त वेळ काढून जा.

आई आणि बाबांच्या नावांची अक्षरं एकत्र करून नाव बनवू नका. ते नाव ऐकायला येतं एखाद्या गृहनिर्माण संस्थेसारखं.

अर्थ कोशात बघा, मोबाइलवर नव्हे

इथे कंटाळा करू नका. संस्कृत शब्दासाठी आपट्यांचा कोश आहे. वामन शिवराम आपटे फर्ग्युसनचे प्राचार्य होते आणि कोश १८९० चा आहे, पण आजही त्याच्याशिवाय पान हलत नाही. पौराणिक व्यक्तींसाठी सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांचा प्राचीन चरित्रकोश.

एका ओळखीच्या जोडप्याने अगदी पक्कं करून ठेवलं होतं: अभिसारिका. कानाला काय सुंदर लागतं! मी म्हटलं, प्रियकराला भेटायला रात्री संकेतस्थळी जाणारी नायिका. नामकरण दुपारी होतं, सकाळी नाव बदललं. कादंबरीचंही तसंच. मराठीत आपण वाचतो ती, पण संस्कृत कोशात तिचा एक अर्थ मदिरा. अनामिका म्हणजे करंगळीशेजारचं बोट, आणि शब्दशः ‘जिला नाव नाही ती’. एवढा खटाटोप करून निनावी ठेवायची?

नावरस अक्षर

पत्रिका मानत असाल तर गुरुजी नक्षत्राच्या चरणावरून अक्षर काढून देतील. अश्विनीला चू, चे, चो, ला. मघेला मा, मी, मू, मे. काही चरणांना ‘ङ’, ‘ण’, ‘ञ’ येतात, ज्यांनी सुरू होणारं नावच नाही, तिथे गुरुजीही हसून दुसरं देतात. अक्षर जुळत नसेल आणि नाव मनात बसलं असेल तर जन्मनाव पत्रिकेत वेगळं ठेवतात आणि व्यवहारातलं वेगळं. वर्षानुवर्षं चालत आलंय.

म्हणून बघा, मोठ्याने

आता परीक्षा. जुन्या ग्रंथांतही मुलीच्या नावाबद्दलची पहिली अट उच्चाराला सोपं असावं हीच आहे. अर्थ स्पष्ट, ऐकायला गोड, शेवट दीर्घ, हे त्यानंतर. पारस्कर गृह्यसूत्रात मुलीच्या नावाची अक्षरं विषम असावीत असंही आहे. मोजायचं असेल तर कवितेत मोजतो तसं मोजा: हि-र-ण्य-के-शी पाच, म-धु-मा-ल-ती पाच, अ-मृ-त-व-र्षि-णी सहा. दादाला हे नंतर सांगितलं. त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

कागदावर सुंदर दिसणारं नाव घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आणि सगळ्यात लहान माणसाकडून म्हणून घ्या. आजेसासूबाईंची कवळी काढलेली असताना एकदा, आणि चार वर्षांच्या पुतण्याकडून एकदा. मग तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून खाली खेळणाऱ्या मुलीला जेवायला बोलावताय असं समजून हाक मारा. ‘राजराजेश्वरीऽऽ’ पूर्ण होईपर्यंत आमटीला उकळी येते. आणि आत्या. तिला धावतपळत, श्वास लागलेला असताना, पाठीत धपाटे घालून म्हणायला लावा. मी गंमत करत नाहीये, आमच्याकडे आता खरंच तालीम होते.

मुलं चिडवणार कशावरून, तेही आताच शोधा. या कामासाठी दहा-बारा वर्षांचा एखादा वात्रट मुलगा उत्तम. दोन मिनिटांत सांगतो.

लाडाचं नाव तुम्हीच ठरवा

सहा अक्षरी नाव रोज कुणी घेत नाही. तुम्ही ठरवलं नाहीत तर सोसायटी ठरवते, आणि सोसायटी फार विचार करत नाही. त्रिपुरसुंदरीची ‘त्रिपू’ झालेली मी पाहिलेय. म्हणून नाव निवडतानाच त्यात एक स्वतंत्र, गोड तुकडा आहे का ते बघा. मधुमालतीत मधू आहे आणि मालतीही. अलकनंदेत अलका आणि नंदा, म्हणजे एकीवर एक फुकट. हिरण्यकेशीत हिरा. लोपामुद्रेत मुद्रा चांगलं, ‘लोपा’ कुणी म्हणू नये. बारशाच्या दिवसापासून तोच तुकडा वापरा, चिऊ-मनू-छकुलीच्या फंदात न पडता, म्हणजे मोठेपणी पूर्ण नाव तिला परकं वाटणार नाही.

स्पेलिंग

सगळी कटकट इथे आहे. मराठीत नाव एकच असतं, इंग्रजीत त्याची चार रूपं होतात. ऋ आपण ‘रु’ म्हणतो, हिंदीवाले ‘रि’. म्हणून अमृतवर्षिणीच्या चौथ्या अक्षराच्या जागी यू की आय, यावरून दवाखान्याची फाइल आणि लसीकरणाचं कार्ड यांत फरक पडला. ज्ञ तर विचारूच नका. आपण ‘द्न्य’ म्हणून डी-एन-वाय लिहितो, दिल्लीकडचे जी-वाय आणि संस्कृतवाले जे-एन. याज्ञसेनी ठेवलंत तर हिंजवडीतल्या कचेरीत ती याग्यसेनी होणार हे गृहीत धरा. शेवटच्या ‘ई’ला एक आय की दोन ई, ‘व’ला व्ही की डब्ल्यू, हेही ठरवावं लागतं.

नाव नक्की झालं की एका कागदावर मोठ्या अक्षरात मराठी आणि इंग्रजी दोन्ही लिहा, फोटो काढा, आणि घरातल्या ज्या ज्या माणसाच्या हातून फॉर्म भरला जाऊ शकतो त्या सगळ्यांना पाठवा. आजोबांनाही. विशेषतः आजोबांना, कारण त्यांना त्यांचं स्पेलिंग बरोबर वाटतं.

आणि नाव एकच शब्द म्हणून लिहा. एका कार्यालयात संगणकावर बसलेल्या गृहस्थांनी ‘अमृत’नंतर जागा सोडली. झालं, मुलीचं नाव अमृत, मधलं नाव वर्षिणी, आणि दादाचं नाव पुढच्या रकान्यात ढकललं गेलं. ते दुरुस्त करायला तीन फेऱ्या आणि एक शपथपत्र लागलं. म्हणून छापण्याआधी पडद्यावरचं नाव स्वतः अक्षर अक्षर वाचा. मागे रांग असेल, कुणीतरी ‘आटपा’ म्हणेल. म्हणू दे.

कागदपत्रं

जन्माची नोंद २१ दिवसांत व्हावी लागते. रुग्णालयात जन्म झाला तर ते कळवतात, आणि तेव्हा नावाचा रकाना रिकामा राहिला तरी चालतं. नाव नंतर घालता येतं: १२ महिन्यांपर्यंत शुल्काशिवाय, त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. म्हणजे बाराव्या दिवशी नावाचा निकाल लागला नाही म्हणून आकाश कोसळत नाही. पण लांबवू नका. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखलाच मुख्य पुरावा धरला जातो, तेव्हा त्यातलं स्पेलिंग हेच पुढे सगळीकडे जाणार.

नोंद जिथे जन्म झाला तिथे होते, तुम्ही जिथे राहता तिथे नाही. पहिलं बाळंतपण माहेरी साताऱ्याला झालं असेल तर पुणे महापालिकेत दाखला मिळणार नाही, आणि चिंचवडच्या रुग्णालयात झालं असेल तर पिंपरी-चिंचवड महापालिकेत जावं लागेल. पुष्कळ जण आधी चुकीच्या रांगेत उभे राहतात.

आता लांब नाववाल्यांसाठी खास. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात शासकीय कागदांवर बाळाचं, आईचं, वडिलांचं नाव आणि मग आडनाव असा क्रम आहे. आईचं नाव आलं याचा मला मनापासून आनंद आहे, पण त्यामुळे गाडीला एक डबा वाढला. समजा मुलगी हिरण्यकेशी, आई अनुराधा, वडील चंद्रशेखर, आडनाव देशपांडे. इंग्रजी अक्षरं मोजली तर अनुक्रमे १२, ८, १४ आणि ९. पासपोर्टच्या तळाशी यंत्राने वाचायच्या दोन ओळी असतात, प्रत्येकी ४४ जागांच्या. वरच्या ओळीतल्या पाच जागा आधीच गेलेल्या, नावाला उरतात ३९. आडनावानंतर दोन जागा आणि बाकी नावांमध्ये एकेक सोडायची. आईचं नाव वगळून मोजलं तर ३८, म्हणजे जेमतेम बसलं. आईचं घातलं की ४७, आणि शेपूट कापलं जाणार. त्याने प्रवास अडत नाही, वरचं नाव पूर्णच छापलेलं असतं, पण बाकी फॉर्म, तिकिटं आणि बँकेच्या कार्डांवर हाच खेळ जन्मभर चालतो. म्हणून वडिलांचं नाव आणि आडनाव आधीच भारी असेल तर मुलीच्या नावात थोडा हात आखडता घ्या. वडिलांचं नाव अजय आणि आडनाव राणे असेल तर खुशाल त्रिभुवनसुंदरी ठेवा.

आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, तेव्हा बाल आधार काढायची घाई जन्मदाखला हातात येण्याआधी करू नका. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये नाव चढलं की ते दहावीच्या प्रमाणपत्रापर्यंत तसंच जातं. प्रवेशाच्या वेळी रजिस्टर दाखवा म्हणा, दाखवतात.

बारशाच्या दिवशी

पाळण्यावर लावायची कागदी अक्षरं रविवार पेठेत करून मिळतात, पण आम्ही घेतली तिथे पैसे अक्षरागणिक होते आणि जोडाक्षराचे दोन धरले. ‘र्षि’वरून दादाने घातलेली हुज्जत अजून घरात निघते. तुळशीबागेतून कुंची आणि बाळलेणी आणायला जाल तेव्हाच हे काम उरकून टाका आणि कागदावर लिहूनच द्या, तोंडी सांगू नका.

नाव छोट्या चिठ्ठीवर लिहून आत्याच्या बांगड्यांत खोचून ठेवा. आणि मागे उभ्या राहणाऱ्या बायकांना आधीच बजावा, की शेवटचं अक्षर कानात पडल्याशिवाय हात उचलायचा नाही. शेजारच्या काकूंना घुगऱ्या वाटायच्या कामाला लावलंत तर सगळ्यात उत्तम.